जर्मनीत उतू गेलेलं दूध

आमचं तीन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट जर्मनीत अडकलं, त्याला कारण पाव लिटर दूध. दूधही तिथलंच, दुकानात खोक्यात मिळतं ते, त्यामुळे आपल्याकडच्या म्हशीला यात दोष देता येत नाही. मग दोष कोणाचा, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही. आई म्हणते जर्मन शेगडीचा. अश्विनी म्हणते माझा. मी काही म्हणत नाही, कारण मला कोणी विचारलेलं नाही.

सुरुवातीपासून सांगतो. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. क्वालिटीवाल्याचं काम म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट शोधायची आणि तिचा फोटो काढून ठेवायचा. (हे लक्षात ठेवा, पुढे हेच माझ्यावर उलटणार आहे.) कंपनीनं मला दोन वर्षांसाठी जर्मनीतल्या कारखान्यात पाठवलं. बरोबर बायको, म्हणजे अश्विनी. आई मात्र काळेवाडीतच राहिली, आण्णांच्या बिल्डिंगमधल्या आमच्या दोन खोल्यांत. वडील लातूरकडून पिंपरीला नोकरीसाठी आले तेव्हापासून आम्ही आण्णांचे भाडेकरू. वडील गेले, आम्ही तिथेच राहिलो. आण्णा मूळ गावातले. आज जिथे त्यांची बिल्डिंग आहे तिथे पूर्वी त्यांची ज्वारी असायची, आणि गच्चीवर उभं राहून ते अजूनही खाली पीक उभं असल्यासारखं बघतात.

जर्मनीत आम्हाला जे घरमालक मिळाले त्यांचं नाव हेर मायर. तिकडे श्रीयुतला हेर म्हणतात. या गृहस्थांच्या बाबतीत तो शब्द मराठी अर्थानंही चालला असता. ते तळमजल्यावर राहायचे, आम्ही त्यांच्या डोक्यावर. उंच, पांढऱ्या भुवयांचा, रिटायर झालेला माणूस. कधीही रागवायचे नाहीत. आता तुम्हाला वाटेल, नशीबवान आहात. अहो, रागावणारा घरमालक कितीतरी परवडला! तो ओरडतो, आपण ओरडतो, मग चहा होतो आणि विषय संपतो. मायर फक्त म्हणायचे, "इंटरेसांट." म्हणजे इंटरेस्टिंग. आणि खिशातून फोन काढून फोटो घ्यायचे.

त्यांनी किल्ली दिली त्या दिवशी अश्विनी थेट स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच थांबली. समोर काळी, सपाट, आरशासारखी काचेची शेगडी. ना बर्नर, ना ज्योत, ना जाळी. नुसती काच, तिच्यावर गोल आखलेले, आणि बाजूला आकड्यांची बटणं. अश्विनी तिच्यावरून हलकेच हात फिरवत राहिली. लग्नात तिनं माझ्याकडे एवढ्या प्रेमानं बघितल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. नवीन घरात पाऊल ठेवलं की पहिलं दूध उतू घालवायचं, हे आमच्याकडे ठरलेलं. आईनं ते काळेवाडीत केलं होतं, मामानं राजगुरुनगरला केलं होतं, माझ्या बहिणीनं दुबईत केलं होतं. मग जर्मनीनं काय पाप केलंय? आईनं सामान आधीच पाठवलं होतं: छोटं पितळी पातेलं, कल्हई केलेलं, आणि कागदात बांधलेलं केशर. साखर भरपूर घाल म्हणाली, नैवेद्याचं दूध अगोड ठेवायचं नसतं. मी घातली. चांगली मूठभर घातली.

मग प्रश्न आला दिशेचा. दूध पूर्वेकडे उतू गेलं तर लाभ. फोनमधल्या होकायंत्रावर पूर्व शोधली, तर ती फ्रिजच्या बाजूला निघाली. आईचं म्हणणं, पातेलं तिकडं जरा कलतं कर. तेव्हा मी, म्हणजे बी.ई. मेकॅनिकल झालेल्या माणसानं, पातेल्याच्या बुडाखाली एका बाजूनं चमचा सारला. शेगडी सहावर ठेवली. दूध काही वर येईना. आईच्या मागे एव्हाना आण्णाही येऊन उभे राहिले होते, भाडेकऱ्याचं परदेशातलं घर बघायला. दोघं मिळून म्हणायला लागले की वाढव. मी सातवर नेली. आई म्हणाली अजून. मी शेवटच्या आकड्यावर नेली.

आणि दूध आलं! असं आलं की जवळजवळ सगळं पातेलं फ्रिजच्या दिशेनं रिकामं झालं. आईनं तिकडे टाळ्या वाजवल्या, मी इकडे टाळ्या वाजवल्या, अश्विनीनं हात जोडले, आण्णा म्हणाले, "झ्याक!" पुढच्या क्षणी तापलेल्या काचेवर ते गोड दूध चर्र करून जळायला लागलं, खोलीभर धूर झाला आणि छताला चिकटवलेली एक पांढरी डबी कर्कश्श कोकलायला लागली. ती धुराची घंटा होती, हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी आईला वाटलं, तिकडे आरती सुरू झाली.

मायर वर आले. स्टूल ओढलं, त्यावर चढले, डबी बंद केली, खाली उतरले. अश्विनीनं घाबरून पातेल्यात तळाला उरलेलं केशरी दूध कपात ओतून त्यांच्या हातात दिलं. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं हे त्यांना कोणी सांगितलं कुणास ठाऊक, पण त्यांनी ते उभ्या उभ्या सगळं प्यायलं. मग शेगडीकडे बघितलं. "इंटरेसांट," म्हणाले आणि फोटो काढला.

तो डाग काही निघेना. साखर जळून काचेत बसली होती. आईनं काळेवाडीहून उपचार सांगायला सुरुवात केली. लिंबू झालं. मीठ झालं. मग म्हणाली राख लाव. जर्मनीत राख कुठून आणू? शेवटी तिनंच बांधून दिलेल्या सामानातून तारेची घासणी निघाली, आणि मी ती दोन्ही हातांनी, जोर लावून, अर्धा तास चालवली. डाग होता तिथेच राहिला. त्याच्याभोवती रेघोट्यांची एक गोल रांगोळी तेवढी उमटली. मग आम्ही त्याच्यावर चपातीचा डबा ठेवला, आणि दोन वर्षं तो तिथून हलू दिला नाही.

घर सोडताना मायर टॉर्च घेऊन आले. सगळं घर सोडून आधी त्यांनी चपातीचा डबा उचलला. मी इतकी वर्षं लोकांच्या कामातली खोट शोधतोय, पण असा सरळ खोटेवर जाणारा माणूस मी बघितला नव्हता. फोटो झाला. मग त्यांनी समजावून सांगितलं की हीटिंगचं वर्षाचं बिल यायचं आहे, शेगडीचाही विचार करावा लागेल, तोवर डिपॉझिट त्यांच्याकडे राहील. आणि "तुमच्या आईसाठी" म्हणून एक केक दिला. केक घेऊन आम्ही काळेवाडीला आईकडे परत आलो. पैसे तिकडेच राहिले.

आता त्या पैशांचं मोल सांगायला हवं. ताथवड्याला आम्ही फ्लॅट घेतला होता. होती नव्हती ती बचत त्यात गेली होती, हप्ता सुरू झाला होता, ताबाही मिळाला होता. पण स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती, एक नळ आणि भिंतीतून बाहेर आलेल्या वायरी. जर्मनीत त्या शेगडीपाशी उभा राहून मी अश्विनीला शब्द दिला होता की जाताना डिपॉझिट मिळेल ना, त्यातून तुला अस्संच किचन करून देतो. एकदा नाही, ती रुसली की दर वेळी देत होतो. त्यामुळे किचन जवळजवळ तिचं झालंच होतं, फक्त बांधायचं बाकी होतं. तिनं त्याची चित्रं फोनमध्ये जमवली होती. आणि मला एकदा शांतपणे सांगून ठेवलं होतं की किचनशिवाय ती ताथवड्याला येणार नाही. मी आणि माझ्या हप्त्यांनी खुशाल जाऊन राहावं.

इकडे आईनं गुरुजींना विचारून वास्तुशांतीचा मुहूर्त धरला. तो हुकला की थेट चातुर्मास संपल्यावर. किचनवाला म्हणायचा, साहेब, अ‍ॅडव्हान्स टाका, प्लायवूड कापायला घेतो. मी म्हणायचो, जर्मनीहून येतायत. तो पहिल्यांदा प्रभावित झाला. दुसऱ्यांदा नुसतं "बरं" म्हणाला. तिसऱ्यांदा त्यानं फोनच उचलला नाही.

मी मायरना मेल लिहायचो ते कंपनीच्या बसमधून. चाकणच्या चौकात ट्रॅफिक असं तुंबतं की तिथे माणूस मेल काय, कादंबरी लिहील. मायर लगेच उत्तर द्यायचे. पत्राबद्दल आभार, आमच्याकडे आता ट्यूलिप उमलले आहेत, आईंना केक आवडला का, आणि शेवटी एक ओळ, की बिल अजून आलेलं नाही. इतक्या सभ्य माणसाशी भांडायचं कसं? बसमधला शिंदे म्हणायचा, "नोटीस ठोक राव त्याला." हा शिंदे स्वतः वाकडच्या घरमालकाकडून डिपॉझिट सोडवू न शकल्यानं अजून तिथेच राहतो.

आणि मग एक दिवस, त्याच चौकात, मायरांचं ते पत्र आलं. हीटिंगचं बिल मिटलं होतं. राहिली शेगडी. ती पूर्ण बदलावी लागणार होती. पण काळजी नको, कारण भाडेकऱ्याच्या हातून घरात काही बिघडलं तर भरपाई देणारा विमा माझ्या कंपनीनं माझ्या नावानं काढलेला होता, आणि मायरनी त्यांच्याशी बोलणंही केलं होतं. विमेवाल्यांना फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. हा अपघात होता का? मी "हो" म्हटलं की शेगडीचे पैसे ते देणार आणि मला डिपॉझिट पूर्ण मिळणार. मला बसमध्ये नाचावंसं वाटलं. शिंदेला मिठी मारली, तो झोपलेला होता.

घरी येऊन बातमी सांगितली. अश्विनीनं किचनवाल्याला फोन लावायला घेतला. आणि आई, जी मेथी निवडत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, "अपघात कसला?"

मी म्हटलं, ते दूध उतू गेलं ना, तो.

"त्येला अपघात म्हनायलास? नव्या घरात लक्ष्मी आली ती. दोन वर्षं परमुलखात कुठं ठेच लागली नाही तुमाला, ते कशानं?"

मी सांगितलं की ते फक्त कागदावर म्हणायचंय. अश्विनीनंही समजावलं. आईनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"मग कागदावर तुमच्या लग्नालाबी अपघात म्हना."

(अश्विनीनं माझ्याकडे बघितलं. एकूण चेहऱ्यावरून तिची तयारी दिसत होती.)

मी आईपुढे वाद घालणं सोडून दिलं आणि गुपचूप मायरना लिहिलं की दूध तापत ठेवलं होतं, लक्ष राहिलं नाही. त्यांचं उत्तर आलं, फार छान, विमेवाल्यांना कळवण्यापूर्वी एकदा व्हिडिओवर बोलून घेऊ, आईंनाही नमस्कार करायचा आहे. संध्याकाळची वेळ ठरली, तिकडे दुपार. मी ठरवलं होतं की आईनं नमस्कार करायचा, केक छान होता म्हणायचं आणि आत जायचं. पाच मिनिटांचं काम.

पण आईला माझी काळजी वाटली. घरमालकाशी बोलणं म्हणजे जबाबदारीचं काम, आणि तिच्या मते मला ते जमत नाही. तिनं दुपारीच खाली जाऊन आण्णांना गाठलं. आण्णांचं म्हणणं पडलं, घरमालकाच्या मनात काय चाललंय ते घरमालकालाच कळणार, तुमी नोकरदार मान्सं, तुमास्नी न्हाई कळायचं. संध्याकाळी ते पांढरी टोपी घालून, कडक इस्त्रीच्या शर्टात वर आले आणि खुर्ची ओढून थेट फोनसमोर मधोमध बसले. मी कडेला गेलो. माझा अर्धाच चेहरा दिसत होता.

सुरुवात चांगली झाली. आईनं हात जोडले, मायरनी हात जोडले. आण्णांनी रामराम केला. मी आण्णांची ओळख करून दिली की हे आमचे इथले घरमालक. मायर खुर्चीत सरसावून बसले. मग त्यांनी मला विचारलं, तर हे नेमकं कसं झालं? मी घसा साफ केला आणि सुरुवात केली की दूध तापत होतं, आम्ही जरा दुसरीकडे बघत होतो.

आईला जर्मन येत नाही. पण माझा पडलेला आवाज तिला कळतो. तिला वाटलं, पोरगं कबुली दिल्यासारखं काय बोलतंय, आपण चोरी केली का? आपल्या पोरांनी त्या घरात किती मनापासून पाऊल टाकलं हे त्या माणसाला कळायला नको का? तिनं कनवटीचा फोन काढला. आण्णांनी तिला हवं ते शोधून दिलं. आणि मला काही कळायच्या आत तिनं आपला फोन माझ्या फोनसमोर धरला.

त्या दिवशीच्या कॉलचं सगळं चित्रीकरण तिच्याकडे होतं. आण्णांच्या नातवानं तिच्या फोनवर कसलंसं बटण दाबून ठेवलं होतं. मायरनी सगळं बघितलं. मी होकायंत्र घेऊन स्वयंपाकघरात गोल फिरतोय. मी साखर ओततोय, मुठीनं. मी पातेल्याखाली चमचा सारतोय. मी आकडा वाढवतोय, परत वाढवतोय, शेवटच्या आकड्यावर नेतोय. दूध काचेवर सांडतंय. आणि मी टाळ्या वाजवतोय, तोंडभर हसत.

भाषांतराची गरज पडली नाही.

"इंटरेसांट," मायर म्हणाले.

अश्विनी माझ्यामागे उभी होती. मायरनी मग शांतपणे टेबलावरचा टॅब उचलला आणि शेगडीचा फोटो मोठा करून आम्हाला दाखवला. आता मला वाटलं, आण्णा बोलतील. त्यासाठीच तर आणलं होतं त्यांना. आण्णा पुढे वाकले. चष्मा पुसून परत घातला.

"ह्यो डाग तुमी पाडला?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

"आन् ह्या रेघा कशाच्या?"

तारेच्या घासणीच्या, आईनं सांगितलं. लई घासलं हो पोरानं, असंही कौतुकानं सांगितलं.

आण्णांचा चेहरा बदलला. गेली कित्येक वर्षं त्यांनी भाडेकऱ्यांनी भिंतीत ठोकलेले खिळे मोजले आहेत, मोरीत तुंबलेले केस काढले आहेत. त्यांच्या आत झोपलेला घरमालक जागा झाला. "अरारारा," ते म्हणाले, "काचंवर तारंची घासनी? इस्टेट हाय का काय हाय ती!" मग मला म्हणाले, "सांग त्यास्नी. म्हनावं, भाडेकरू कितीबी गुनी असू द्या, घराची माया त्येला नसतीया."

मी ते भाषांतर करून सांगितलं. का सांगितलं, हे मला आजही सांगता येत नाही. सवय, दुसरं काय.

मायर खुलले. म्हणाले, अगदी खरं, तिकडेही असंच आहे. त्यांच्या एका जुन्या भाडेकऱ्यानं लाकडी फरशीवर सायकल ठेवली होती. आण्णांच्या एकानं संडासात सिमेंट ओतलं होतं. मायरना ते पटेना. आण्णांनी हातानं किती खोल ते दाखवलं. एकानं भिंत पाडली होती, एकानं मांजरी पाळल्या होत्या, एक बल्बसुद्धा काढून घेऊन गेला होता. दोन खंडांतली दोन म्हातारी माणसं मन मोकळं करत होती, आणि मधे मी बसून दोन्हीकडचं एकमेकांना सांगत होतो. माझ्याविरुद्धच्या खटल्यात दुभाष्याही मीच होतो.

शेवटी मायर माझ्याकडे वळले. अगदी मायेनं म्हणाले की मला तुमची पद्धत आवडली, ते दूधही चवीला फार छान होतं. पण जे मी डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलंच नाही असं विमेवाल्यांना कसं सांगू? शेगडी काही वर्षं वापरलेली होती, तेवढी झीज धरून बाकीचे पैसे कापतो, आणि उरलेले आजच पाठवतो. आण्णांनी मला विचारलं काय म्हणाले. मी सांगितलं, पैसे कापतायत.

"कापनारच की," आण्णा म्हणाले. "लई सरळ मानूस हाय. तुमी त्येचं वाटोळं केलं."

दोघांनी एकमेकांना हात हलवले आणि कॉल संपला.

अश्विनी आत गेली आणि कणीक मळायला बसली. खूप वेळ मळत होती. त्या दिवशीच्या चपात्या फार मऊ झाल्या होत्या. मला भयंकर वाईट वाटत होतं. दोन वर्षं मी तिला एकाच गोष्टीचा शब्द देत आलो होतो, आणि तो टाळ्या वाजवून घालवला होता.

आईलाही कळलं होतं. सकाळी ती अश्विनीजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "तुझं किचन म्या घालवलं का गं?"

"नाही आई," अश्विनी म्हणाली. "तुम्ही फक्त वाढव म्हणालात. वाढवलं यांनी."

तेव्हापासून दोघींचं उत्तम जमतंय.

मायरनी शब्दाप्रमाणे उरलेले पैसे पाठवले. ज्या किचनची चित्रं अश्विनीनं जमवली होती, त्यातलं अर्धं झालं. खालच्या ट्रॉल्या झाल्या, वरची कपाटं राहिली. पण अश्विनीनं एका गोष्टीवर तडजोड केली नाही. गॅसची काचेची शेगडी घेतली. काळीच.

काळेवाडीची जागा सोडताना आण्णा टॉर्च घेऊन आले. इतक्या वर्षांत कधी कुणाच्या घरात त्यांनी टॉर्च नेली नव्हती. कडाप्प्याच्या ओट्यावर टॉर्च मारली, मोरीत मारली, गणपतीच्या मखरासाठी ठोकलेल्या खिळ्यांवर मारली. "विंट्रेसांट," म्हणाले आणि फोटो काढले. मग खिशातून पाकीट काढून त्यांनी सगळं डिपॉझिट आईच्या हातात ठेवलं, एक रुपया न कापता. मग फोटो कशाला काढले? तर म्हणाले, मायरसायबाला पाठवायचे हायत. त्या कॉलनंतर आण्णांनी नातवाकडून मायरांचा नंबर आपल्या फोनमध्ये घालून घेतला होता. दोघं एकमेकांना फोटो पाठवतात. भाषा कुठली ते विचारू नका.

वास्तुशांत धरलेल्या मुहूर्तावरच झाली. पूजा आटोपली, गुरुजी म्हणाले, आता दूध. आईनं तेच पितळी पातेलं आणलं होतं. ती ते घेऊन बाल्कनीकडे निघाली. जुनी एक बर्नरची शेगडी तिनं मुद्दाम तिथे नेऊन ठेवली होती. म्हणाली, नव्या काचेला नको, बाहेर उतू घालवू. सगळी माणसं बाल्कनीकडे वळली. तेवढ्यात अश्विनीनं पुढे होऊन तिच्या हातातलं पातेलं घेतलं आणि आपल्या हातानं नव्या काळ्या शेगडीवर ठेवलं.

"इथंच जाऊ दे, आई," ती म्हणाली.

आईनं पदर डोळ्याला लावला. आण्णांनी फोन उंच धरला होता, त्यात मायर दिसत होते, तिकडे नुकतीच सकाळ झालेली. मला काही काम नव्हतं म्हणून मी शेगडीशेजारी ओलं फडकं घेऊन उभा राहिलो. दूध तापलं. कडेला फेस धरला. केशराची तार हलली. साय वर यायला लागली, अजून वर, पार काठापर्यंत. सगळी माणसं माना पुढे काढून बघत होती. आणि माझ्या डोळ्यांपुढे ती दुसरी काळी काच आली, तो डाग, त्या रेघा, तो चपातीचा डबा आणि टॉर्च. माझा हात आपसूक पुढे गेला.

टक.

मी गॅस बंद केला होता. काठाला आलेलं दूध क्षणभर थबकलं आणि आमच्या सगळ्यांच्या देखत मुकाट खाली बसलं.

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. अश्विनी माझ्याकडे बघत होती, आणि आईसुद्धा, अगदी त्याच नजरेनं.

"का बंद केलास रे?" आई म्हणाली.

आण्णांच्या हातातल्या फोनमधून मायर काहीतरी विचारत होते. आण्णांनी फोन माझ्या तोंडापुढे आणला. मायर फार काळजीनं विचारत होते, हा अपघात होता का?

या खेपेला मी जराही न अडखळता, सगळ्यांदेखत, खणखणीत आवाजात "हो" म्हणालो. आणि या अपघाताचा विमा मात्र मला कुठल्याच कंपनीनं काढून दिलेला नव्हता.